डोळा बदलला

वसंता,

तुझ्या दिवसाला जेवायला आलेल्या माणसांपैकी निम्म्यांनी तरी माझा हात धरून मला सांगितलं, की वसंतराव आता आकाशात तारा झाले. मी मान हलवत राहिलो. तू असतास तर त्यांना तिथंच पंगतीत अडवून विचारलं असतंस, "कुठल्या वर्गाचा? निळा का तांबडा? तापमान किती?" आणि त्यांचा घास हातातच राहिला असता. तारा होणं ही मेल्यावर मिळणारी बढती आहे असं लोकांना का वाटतं, कोण जाणे. तारे स्वतःच मरतात, हे तू वर्गात चित्रकलेच्या तासाला पोरांना सांगायचास आणि मुख्याध्यापकांची बोलणी खायचास.

ते असो. मला तुझ्याशी वेगळंच बोलायचंय. मला तुझा संशय आला होता. गेले दोन-अडीच महिने तू मला फसवतोयस, असं मला वाटत होतं. तू गेलास तेव्हा तो संशय माझ्या पोटात तसाच होता. तुझ्या तिरडीला खांदा देतानाही होता, हे आता सांगून टाकतो.

संशय घेणं हा माझा धंदाच होता. सगळी नोकरी दूध संघात दूध तपासण्यात गेली. समोरचा माणूस कितीही गोड बोलला तरी आधी त्याचं दूध बघायचं, मग तोंड. आपली ओळखही तशीच झाली. तुझ्या म्हशीच्या दुधाला फॅट कमी लागली म्हणून तू उचगावहून तणतणत केंद्रावर आला होतास. संध्याकाळ झाली होती. मी यंत्र दाखवलं, परत नमुना घेतला, परत तेवढीच लागली. तू बाहेर अंगणात आलास आणि वर बोट करून म्हणालास, "पावणं, लई शाणे हाय न्हवं? मग त्या तांबड्या ताऱ्याची फॅट सांगा बघू."

मी म्हणालो, "नमुना आणा, सांगतो."

"नमुना कशाला पायजे? हिकडं बसून सांगत्यात माणसं. त्याच्या उजेडाचा पट्टा पाडत्यात, इंद्रधनुष्यावानी. त्यात काळ्या रेघा असत्यात. कुठली रेघ कुठं हाय त्यावरनं आत काय काय हाय ते कळतंय. हात न लावता."

हात न लावता! मला ते अजिबात पटलं नाही. जिथं भांड्यात तोंड घालूनही दुधातलं पाणी सापडत नाही, तिथं एवढ्या लांबच्या उजेडातून लोखंड आणि कॅल्शियम ओळखायचं म्हणजे थाप असणार. म्हणून मी तुझ्या घरी आलो. थाप पकडायला आलो आणि तुझ्या गच्चीवरच राहिलो.

तू मला किती शिकवलंस आणि मी प्रत्येक गोष्टीत कशी पाचर मारली, ते आठवलं की आता हसू येतं. निळा तारा जास्त तापलेला आणि तांबडा त्यामानानं गार, हे तू सांगितलंस तेव्हा मी म्हणालो, "तूच पोरांना तांबडा रंग उबदार आणि निळा थंड म्हणून शिकवतोस. मग खोटं कुठं बोलतोस, वर्गात का गच्चीवर?" चित्रकलेच्या मास्तराला ते लागलं होतं. मग म्हणालास, "वर्गात रंगाचं बोलतोय, हितं भट्टीचं. लोहाराकडं जाऊन बघ जा, तापवताना आधी काय हुतंय आन् मग काय हुतंय." मी खरंच गेलो होतो बघायला. तुला ते सांगितलं नाही. लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग डोळ्याला सोसवेना इतकं पांढरं. निळं काही होत नाही, पण तुझं बरोबर होतं.

जयसिंगपूरच्या एसटी स्टँडवरचं तर तुझ्यानंतरही सांगत फिरणार आहे. शाळेतलं तुझं व्याख्यान उरकून आपण गाडीची वाट बघत होतो. मी विचारलं, "एका ताऱ्याचं आयुष्य कोट्यवधी वर्षांचं. तुमच्या शास्त्रज्ञानं एक तरी तारा जन्मापासून मरेपर्यंत बघितलाय का? मग आयुष्याच्या गप्पा कशाच्या जोरावर?"

तू समोर हात केलास. "ह्या स्टँडवर तासभर बस. कडंवरचं पोर दिसंल, शाळेची पोरं दिसतील, नवरा-नवरी दिसतील, काठी टेकणारा म्हातारा दिसंल. कुणाचं आख्खं आयुष्य बघायला लागतंय व्हय? तासाभरात कळतंय माणूस कसा मोठा हुतो ते."

"आणि कडेवरचं पोर म्हणजे म्हाताऱ्याची धाकटी जात असली तर? तुला काय माहीत, ते वाढतं म्हणून?"

तू खूश झालास. माझ्या संशयानं खूश होणारा तू एकटाच माणूस होतास. घरात, नोकरीत, सोयऱ्याधायऱ्यांत सगळ्यांना त्याचा त्रास झाला. तू म्हणालास, "त्यासाठीच कृत्तिका हैत. येकाच ढगातनं येकाच वेळी जन्मलेला घोळका. वय सगळ्यांचं सारखं, म्हणजे तो घोळ मिटला. आता असले लहान-मोठ्या वयाचे घोळके शोधायचे, आन् कोण आधी थकलंय ते बघायचं. जो जाडा, तो झपाट्यानं जळतो आन् आधी जातो. आपला सूर्य बारका, म्हणून टिकतोय." मी तेव्हा तुझ्या सुटलेल्या पोटाकडं बघितलं आणि दोघंही हसलो. आपण एकाच सालचे. आज ते हसणं आठवून मला बरं वाटत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

मृगातला काक्षी हा आपला तारा. तांबडा, प्रचंड फुगलेला, आयुष्याच्या शेवटाकडं आलेला. त्याचं तेज कमी-जास्त होतं, म्हणून तो रूपविकारी. असे तारे नुसत्या डोळ्यांनी बघून त्यांच्या तेजाचा अंदाज पाठवणारी आपल्यासारखी हौशी माणसं जगभर आहेत आणि शास्त्रज्ञ ते अंदाज खरंच वापरतात, हे कळल्यावर मी पहिल्यांदा घाबरलो. म्हणजे आपण चुकलो तर ती चूक थेट शास्त्रात जाणार. तेव्हा तू मुठीची पद्धत काढलीस. राजन्य हा निळसर तारा वरची पायरी, रोहिणी ही खालची पायरी, आणि मधे दहा भाग कल्पायचे. काक्षी राजन्यापेक्षा जितके भाग मंद वाटेल तितके भाजलेले शेंगदाणे आपापल्या मुठीत घ्यायचे. तोंडानं काही बोलायचं नाही. दोघांनी एकदम मूठ उघडायची. एकाचा आकडा ऐकून दुसऱ्याचा डोळा बिघडू नये म्हणून. मालतीवहिनी चहा घेऊन वर यायच्या आणि म्हणायच्या, "पोरं बरी ह्यांच्यापरास. गोट्या तरी खेळत्यात."

एका हिवाळ्यात काक्षी एवढा मंद झाला की दाण्यांची मूठ भरून गेली. रोहिणीच्याही खाली गेला. तुला वाटलं, आता फुटतोय. रोज संध्याकाळी मला फोन, "ये मर्दा, आपल्या हयातीत फुटला तर दिवसा दिसंल!" मी म्हणालो, समोरून धूळ आली असेल. तू चिडलास. पुढं शास्त्रज्ञांनी सांगितलं, त्यानंच आपल्या अंगातला एक लोट बाहेर टाकला, त्याची धूळ झाली, आणि त्या बाजूचं अंगही जरा निवलं होतं. धूळ! मी ती बातमी छापून तुझ्या गच्चीच्या दाराला चिकटवली. तू महिनाभर काढली नाहीस. खिलाडूपणा तुझ्याकडं होता, वसंता, म्हणून तर पुढचं सगळं मला समजेना.

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू लवकर पिकला, साखरेमुळं. दोन्ही डोळ्यांत भिंगं बसवून मी गच्चीवर परत आलो त्या संध्याकाळी आपल्या मुठी जुळल्या नाहीत. माझ्या मुठीत तुझ्यापेक्षा दोन दाणे जास्त. दुसऱ्या दिवशीही तेच. मला काक्षी मंद दिसत होता, तुला तेजस्वी. आणि तू काय केलंस? मिशीतल्या मिशीत हसून म्हणालास, "आता तू जुना दत्ता न्हाईस. नवीन डोळा, नवीन निरीक्षक. तुझ्या नोंदीपुढं शेरा मारायला पायजे." आणि मारायला लावलास. त्या दिवसाच्या माझ्या अंदाजापुढं तू आपल्या वळणदार अक्षरात लिहिलंस, 'डोळा बदलला'. पाठवतानाही तसंच कळवलंस.

तिथून आपला वाद सुरू झाला. मी म्हणायचो, म्हाताऱ्या डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, निळा उजेड अडवतं. तुला राजन्य आहे त्यापेक्षा मंद दिसतो, म्हणून काक्षी त्याच्या बरोबरीला आल्यासारखा वाटतो. तू म्हणायचास, "प्लॅस्टिकच्या भिंगातनं बघून मला शिकवतोयस व्हय? रंग बघण्यात हयात गेली माझी. राजन्य पांढरा हाय. निळा-बिळा काय न्हाय. आन् काक्षी एवढा मंद कुठाय त्यो?" मी म्हणायचो, तू तांबड्या ताऱ्याकडं टक लावून बघतोस. जास्त वेळ बघितलं की तांबडा तारा डोळ्यात वाढत जातो, नुसती नजर टाकून काढून घ्यायची असते. तू म्हणायचास, चित्रकाराला नजर टाकायला शिकवू नगंस. काही वर्षं हेच चाललं. दोन दाण्यांचा फरक आणि हजार शब्द. खरं सांगू? मला त्या वादाची सवय लागली होती. संध्याकाळी स्कूटर काढताना मी रस्ताभर नवीन मुद्दे जुळवत यायचो.

गेल्या उन्हाळ्यात तू लेकीकडं पुण्याला गेलास. पावसाळा लागल्यावर आलास तो काळा गॉगल लावून. म्हणालास, पुण्यात डोळे आले होते. मी लांबूनच बोललो, मला लागण नको म्हणून. मग पावसाळाभर आकाश बंद.

मार्गशीर्षात पहिल्यांदा मुठी उघडल्या आणि जुळल्या. मी म्हटलं, चला, योगायोग. दुसऱ्या वेळी जुळल्या. तिसऱ्या वेळीही. फार तर एका दाण्याचा फरक, तोही कधी इकडं, कधी तिकडं. तू काही बोलला नाहीस. राजन्य पांढरा आहे हेही म्हणाला नाहीस. नुसते दाणे तोंडात टाकून गार वाऱ्यात बसायचास, फार समाधानानं.

माझ्या धंद्यात एक गोष्ट पक्की शिकलो होतो. दोन घरांच्या दुधाला आठवडाभर सारखीच फॅट लागली की समजायचं, दूध एकाच भांड्यातलं आहे. बिघाड फरकात नसतो, जुळण्यात असतो. तू माझ्यावरून आकडा घेतोयस, याबद्दल मला शंका उरली नाही. आणि त्यामागचं कारणही मी ठरवून टाकलं. तुला दिसत नाही. पुण्याला डोळ्यांना काहीतरी मोठं झालंय, तू ते लपवतोयस, आणि दाण्यांची स्टीलची वाटी वाजते तेव्हा मी किती दाणे उचलतोय ते कान देऊन मोजतोयस.

मग मी सापळा लावला. एका संध्याकाळी वाटीत उगाच बोटं आपटत राहिलो, दाणे उचलले, परत टाकले, खुळखुळ आवाज केला आणि मुठीत मात्र डोळ्याला दिसले तेवढेच ठेवले. तू ऐकून मोजत असशील तर फसणार होतास. मुठी उघडल्या. जुळल्या!

दुसरा कुणी असता तर तिथं संशय सोडून दिला असता. मला वाटलं, बेट्यानं सापळाही ओळखला.

मला खरी भीती कशाची होती, तेही सांगतो. तुझे हे अंदाज खोटे असतील तर ते मागे घ्यायला हवेत. आणि एकदा मागे घ्यायला लागलो तर कुठपर्यंत जायचं? तुला कधीपासून दिसत नव्हतं? तुझ्या नावावरचं कुठलं आकाश खरं आणि कुठलं माझ्या वाटीतलं? तुझी सगळी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर नासायला लागली होती. म्हणून मी विचारत नव्हतो. विचारलं असतं आणि तू हो म्हणाला असतास तर मी काय करणार होतो?

संक्रांतीला तू घरी आलास. हातावर तिळगूळ ठेवून म्हणालास, गोड बोल. मी म्हणालो, "गोड राहू दे. आधी खरं बोल."

तू माझ्याकडं बघितलंस. तुला कळलं होतं. मग हसलास आणि म्हणालास, "बोलीन की. घाई काय हाय? काक्षी पळून चाललाय व्हय?"

काक्षी आहे तिथंच आहे, वसंता. पळून तू गेलास. मला तुझा फार राग आला होता. अजूनही थोडा आहे.

दिवस झाल्यावर पाहुणे पांगले आणि मी मालतीवहिनींसमोर बसलो. त्यांना कसं विचारावं कळेना. शेवटी म्हणालो, "वहिनी, वसंताला अलीकडं कमी दिसत होतं का?"

त्यांनी डोळ्यांचा पदर काढला. "कमी? भावजी, लई दिसत हुतं त्यांला. मोतीबिंदू काढून आलते न्हवं पुण्यासनं, दोन्ही डोळ्यांचा. आल्या आल्या माझ्या लुगड्याकडं बघून म्हणाले, आगं ही साडी निळी हाय? इतकी वर्षं काळी म्हणत हुते. मग घरभर निळं हुडकत फिरले, पोरावानी. बादली निळी, दार निळं. पाऊस सरल्यावर येका पहाटं गच्चीवर गेले आन् मला उठवायला खाली आले. म्हणाले, मालू, राजन्य निळा हाय. दत्त्याचं बरोबर हुतं."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

"तुमचा शेरा लिवलाता न्हवं त्यांनी, डोळा बदलला म्हणून. किती चिडवलंतं तुमास्नी. आता स्वतःच्या फुडं त्योच शेरा लिवायचा म्हणजे! मला म्हणाले, तू बोलू नगंस. मी मुठीतनं सांगतो त्याला. हुशार हाय, वळखंल."

म्हणजे तू रोज सांगत होतास. माझं बरोबर होतं, हे तू रोज संध्याकाळी मूठ उघडून माझ्यासमोर धरत होतास, आणि मी त्या मुठीत चोरी बघत होतो. संशय घेतला त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, तो घ्यायलाच हवा होता. पण आपल्या एवढ्या वर्षांत मी बरोबर आहे हे तू पहिल्यांदाच कबूल करत होतास, आणि तेवढं एक दिसायला माझं नवं भिंग पुरलं नाही. तोंडानं एकदा म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं रे? दोन शब्द होते. मी किती मिरवलं असतं!

तुझा एकही अंदाज मागे घेणार नाही. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या नोंदीपुढं मी काल 'डोळा बदलला' असं लिहिलं आणि तसं कळवलंही. माझं अक्षर तुझ्यासारखं वळणदार नाही, चालवून घे.

ते लिहून झाल्यावर, दिवेलागणीनंतर, मी तुझ्या गच्चीवर गेलो. काक्षी चांगला वर आला होता. एकट्यानं मूठ कुणासमोर उघडायची ते समजेना, म्हणून नुसताच उभा राहिलो. तेवढ्यात वहिनी वर आल्या. हातात स्टीलची वाटी. म्हणाल्या, "कसं करत्यात ते मला म्हाईत हाय. इतकी वर्षं बघतीया."

मी राजन्य दाखवला, रोहिणी दाखवली. त्या म्हणाल्या, दाखवू नगासा, बघितल्यात. अंधारात दोघांनी आपापले दाणे घेतले आणि मुठी एकदम उघडल्या. माझे पाच. वहिनींचे तीन.

"पुन्हा बघा, वहिनी."

"बघितलं की. तुमचंच चुकतंय, भावजी. एवढा मंद कुठाय त्यो?"

तुझा फरक, तुझंच वाक्य. मी लगेच संशयानं विचारलं, "वसंतानं शिकवून ठेवलंय का तुम्हाला?"

"मला कोण शिकवतंय? मोतीबिंदू आलाय म्हंत्यात, फुडल्या वर्साला काढायचाय. पर मला सोच्छ दिसतंय. आन् तुमचा त्यो राजन्य पांढरा हाय, सांगून ठेवते."

पिवळ्या भिंगाचा मुद्दा, टक लावण्याचा मुद्दा, सगळे मुद्दे जिभेवर तयार होते. भांडायला तोंड उघडलं आणि मला रडू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

वहिनींनी माझ्या हातातले दाणे काढून वाटीत टाकले, स्वतःचे तीन खाऊन टाकले आणि म्हणाल्या, "चला खाली, चहा ठेवते. उद्या परत बघू, कुणाचं खरं हाय ते."